गरोदरपणातील स्तनपान आणि पाठोपाठच्या दोन अपत्यांचे पोषण : समजुती, शरीरक्रिया व आहार

प्रस्तावना

अंगावर पिणारे मूल वर्ष-सव्वा वर्षाचे असताना आईस पुन्हा दिवस राहिल्याचे लक्षात आले, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा पहिला सल्ला बहुधा ठरलेला असतो : ‘आता याला तोडा.’ तोडणे म्हणजे अंगावरचे दूध बंद करणे. त्यामागची कारणे दोन सांगितली जातात. गरोदर बाईचे दूध थोरल्याला बाधते, हे पहिले. आणि थोरला पीत राहिला तर पोटातल्या बाळाचे पोषण होत नाही किंवा गर्भ टिकत नाही, हे दुसरे. मग स्तनाग्रांना कडुनिंबाचा रस किंवा कोरफडीचा गर लावला जातो, मुलाला काही दिवस आजीकडे धाडले जाते आणि आठवडाभरात प्रश्न मिटला असे मानले जाते. पुष्कळदा दवाखान्यातही याच सल्ल्याचा पुनरुच्चार होतो.

प्रस्तुत लेखात या दोन्ही कारणांचा वैद्यकीय माहितीच्या आधारे विचार केला आहे. गरोदरपणात थोरल्याचे स्तनपान चालू ठेवणे आणि प्रसूतीनंतर तान्ह्यास व थोरल्यास दोघांनाही अंगावर पाजणे, या दोन सलग अवस्था आहेत. दुसऱ्या अवस्थेस इंग्रजीत ‘टँडम नर्सिंग’ म्हणतात. येथे तिला ‘जोड-स्तनपान’ म्हटले आहे.

हा प्रश्न थोड्या स्त्रियांपुरता आहे असे मानण्याचे कारण नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (चौथी फेरी) पहिल्यानंतरच्या जन्मांपैकी चतुर्थांशाहून अधिक जन्म आधीच्या अपत्यानंतर चोवीस महिन्यांच्या आत झालेले आढळले. दोन वर्षांपर्यंत व त्यापुढेही स्तनपान चालू ठेवावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. ही दोन विधाने शेजारी ठेवली की स्तनपान व गर्भारपण यांचा काळ अनेक घरांत एकमेकांवर येणार, हे उघड होते.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. ‘अंगावर पाजत असताना दिवस राहत नाहीत’ ही समजूत अर्धीच खरी आहे. इटलीतील बेलाजिओ येथे १९८८ मध्ये भरलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत तिची मर्यादा निश्चित करण्यात आली. मूल सहा महिन्यांपेक्षा लहान असणे, ते पूर्णतः वा जवळजवळ पूर्णतः अंगावर असणे आणि आईची पाळी पुन्हा सुरू झालेली नसणे, या तिन्ही अटी पाळल्या गेल्या तरच गर्भधारणेपासून सुमारे ९८ टक्के संरक्षण मिळते. सहा महिन्यांनंतर वरचे अन्न सुरू झाले की हे कवच विरळ होत जाते. पाळी परत येण्यापूर्वीच गर्भ राहू शकत असल्याने अनेक स्त्रियांना तो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कळतो. म्हणजे ‘बाधणारे’ म्हटलेले दूध थोरल्याने तोवर दोन-तीन महिने घेतलेले असते आणि कोणाला काही वावगे दिसलेले नसते.

पारिगर्भिक : जुने निरीक्षण

गरोदर आईचे दूध थोरल्यास बाधते, ही समजूत केवळ लोकभ्रम म्हणून झटकून टाकता येत नाही. तिला आयुर्वेदात लेखी आधार आहे. माधवनिदानातील बालरोगांच्या प्रकरणात ‘पारिगर्भिक’ नावाचा विकार सांगितला आहे. गर्भिणी मातेचे स्तन्य पिणाऱ्या बालकास होणारा हा रोग. खोकला, अग्निमांद्य, उलटी, ग्लानी, अरुची, कृशता आणि पोट मोठे होणे ही त्याची लक्षणे. त्याचेच दुसरे नाव ‘परिभव’, आणि त्यावर सांगितलेला उपाय अग्निदीपनाचा, म्हणजे मुलाची भूक व पचनशक्ती वाढवण्याचा.

लक्षणांची ही यादी बालरोगतज्ज्ञाच्या नजरेने वाचली तर ओळखीचे चित्र उभे राहते. हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले, मूल मलूल, खाण्याकडे पाठ आणि वारंवार सर्दी-खोकला. दुसऱ्या वर्षातील कुपोषित बालकाचे याहून नेमके वर्णन करणे कठीण. निरीक्षण अचूक होते. प्रश्न आहे तो कारणाचा. आई गरोदर होते आणि थोरला खंगतो, या दोन घटना एकापाठोपाठ घडताना पिढ्यान्‌पिढ्या दिसल्या. त्यांना जोडणारा दुवा म्हणून दुधाकडे बोट दाखवले गेले. दूध हा एकच दुवा नव्हता, हे पुढे आफ्रिकेतील एका अनुभवाने स्पष्ट झाले.

गोल्ड कोस्टमधील एक शब्द

सिसिली विल्यम्स या जमैकात जन्मलेल्या डॉक्टर ब्रिटिश वसाहतींच्या वैद्यकीय सेवेत गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथे काम करीत होत्या. तेथे एक ते चार वर्षांच्या मुलांत त्यांना एक विकार वारंवार दिसे : अंगावर सूज, त्वचेवर काळसर चट्टे व सोलपटणे, केसांचा रंग फिका पडणे, कमालीची चिडचिड, आणि उपचार न झाल्यास मृत्यू. १९३३ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि मक्याच्या आहाराशी त्याचा संबंध दाखवला. १९३५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकातील लेखात त्यांनी त्यास स्थानिक गा भाषेतील नाव दिले : ‘क्वाशिओरकोर’. धाकट्याचा जन्म होताना पदच्युत झालेल्या थोरल्याला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय आहे. मराठी पाठ्यपुस्तकांत या विकारास ‘सुजवटी’ व त्याच्या कोरड्या भावंडास, म्हणजे मरास्मसला, ‘सुकटी’ म्हणतात. परंतु ‘सुजवटी’ शब्दात केवळ लक्षण आहे, गा भाषेतील शब्दात त्या मुलाची सारी कहाणी आहे.

गा भाषिक माता आणि माधवनिदानकार यांनी एकच गोष्ट पाहिली. फरक इतकाच की एका ठिकाणी दोष गर्भिणीच्या दुधावर आला आणि दुसऱ्या ठिकाणी दूध सुटण्यावर. विल्यम्स यांनी पाहिलेली मुले आईच्या दुधाने आजारी पडली नव्हती. ती अंगावरून सुटली होती आणि त्या दुधाच्या जागी त्यांना मक्याची पेज मिळाली होती. क्वाशिओरकोर हा केवळ प्रथिनांच्या अभावाचा रोग आहे, हे मत पुढे टिकले नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे डॉ. सी. गोपालन यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की सुकटी व सुजवटी झालेल्या मुलांच्या मूळ आहारात ठळक फरक आढळत नाही. अलीकडे, २०१३ मध्ये मलावीतील जुळ्यांच्या अभ्यासातून आतड्यांतील सूक्ष्मजीवांचाही त्यात भाग असल्याचे पुढे आले. मात्र दूध अचानक तुटणे आणि त्याची जागा पातळ, निकस अन्नाने घेणे हा घटनाक्रम कोणीही नाकारलेला नाही.

दुधात प्रत्यक्ष काय बदलते?

गर्भधारणेनंतर आईचे दूध बदलते, हे खरे आहे. १९८४ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी स्तनपान चालू असताना गरोदर राहिलेल्या स्त्रियांच्या दुधाची तपासणी केली. गर्भ जसजसा वाढत गेला तसतसे दुधातील लॅक्टोज, ग्लुकोज व पोटॅशियम घटत गेले आणि सोडियम, क्लोराइड व प्रथिने वाढत गेली. साध्या भाषेत सांगायचे तर दूध कमी गोड व काहीसे खारट होत जाते आणि हळूहळू चिकासारखे बनते. गरोदरपणातील संप्रेरकांचा, मुख्यतः प्रोजेस्टेरॉनचा, हा परिणाम आहे. मुलाने कितीही ओढले तरी तो थांबत नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत बहुतेक स्त्रियांना दूध आटल्याचे जाणवते. अनेक मुले याच सुमारास आपणहून तोंड फिरवतात. कॅलिफोर्नियातील ५७ मातांच्या १९९३ मधील पाहणीत बरीच मुले गरोदरपणातच सुटली होती. बाकीची मुले कमी दूध येत असतानाही ओढत राहिली, कारण या वयात स्तनपान केवळ भुकेसाठी नसते.

या बदलांत मुलास विषारी ठरावे असे काहीच नाही. ज्या समाजात हे दूध ‘बाधते’ म्हणतात, तोच समाज गाभण गाई-म्हशींचे दूध महिनोन्‌महिने निर्धास्तपणे पितो, हे येथे नमूद करण्यासारखे आहे. दुभती गाय विण्यानंतर काही महिन्यांत पुन्हा गाभण राहते, तिची धार चालूच असते आणि विण्यापूर्वी साधारण दोन महिने तिला आटवले जाते. गरोदर प्राण्याचे दूध अपायकारक असते तर चहाच्या प्रत्येक कपाने अपाय झाला असता.

तेव्हा आईचे दूध बिघडत नाही. ते कमी होते. दूध बिघडल्याची भीती सर्वांना असते आणि दूध घटल्याची दखल कोणीच घेत नाही, ही या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची बाब. जागतिक आरोग्य संघटनेने विकसनशील देशांतील सरासरीवर आधारित अंदाज दिले आहेत. त्यांनुसार एक ते दोन वर्षांच्या मुलास आईच्या दुधातून दिवसाला सुमारे ३४६ किलोकॅलरी मिळतात आणि वरच्या अन्नातून सुमारे ५५० मिळाव्या लागतात. दूध आटले किंवा तोडले की ३४६ किलोकॅलरींची ही तूट दररोज पडते. त्यासोबत सहज पचणारी प्रथिने, स्निग्धांश, अ जीवनसत्त्व व रोगप्रतिकारक घटकही जातात. मुलाच्या ताटलीत तेवढी भर पडली नाही तर दोन-तीन महिन्यांत वजनाची रेषा आडवी होते, आणि मग शेजारीपाजारी म्हणतात, गरोदर आईचे दूध बाधले. पूर्व भूतानमध्ये १९९० च्या दशकात झालेल्या अभ्यासातही स्तनपान सुटण्याच्या काळातील मुलाची वाढ आई पुन्हा गरोदर आहे की नाही यावर अवलंबून असल्याचे आढळले. पारिगर्भिकावर भूक वाढवण्याचा उपाय सांगणाऱ्या वैद्यांना मुलाने अधिक खाल्ले पाहिजे हे उमगले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

मूल एक वर्षाहून लहान असल्यास तूट अधिक गंभीर ठरते, आणि सहा महिन्यांहून लहान असल्यास ती जिवावर बेतू शकते. अशा बालकाचे वजन दर पंधरवड्यास पाहणे व डॉक्टरांच्या सल्ल्याने वरचे दूध सुरू करणे आवश्यक असते.

गर्भाशय आणि ऑक्सिटोसिन

गर्भपाताच्या भीतीमागे शरीरशास्त्रातील एक खरी गोष्ट आहे. मूल स्तन ओढते तेव्हा आईच्या मेंदूतील पश्च पीयूषिकेतून ऑक्सिटोसिन स्रवते. त्याने पान्हा फुटतो आणि याच संप्रेरकाने गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. प्रसूतीनंतर बाळास पाजताना ओटीपोटात कळा येतात त्या यामुळेच. मग गरोदरपणात मूल पीत राहिले तर कळा सुरू होणार नाहीत काय, ही शंका रास्त आहे.

संप्रेरकाचा परिणाम रक्तातील त्याच्या प्रमाणाइतकाच ते स्वीकारणाऱ्या ग्राहींवर अवलंबून असतो. गर्भारपणाच्या बहुतेक काळात गर्भाशयात ऑक्सिटोसिनचे ग्राही थोडे असतात आणि प्रोजेस्टेरॉन स्नायूंना शांत ठेवते. दिवस भरत आले की ग्राहींची संख्या झपाट्याने वाढते. तोवर ऑक्सिटोसिन दार ठोठावते, पण दार उघडत नाही. पूर्ण दिवस भरलेल्या व गर्भाशयमुख मऊ झालेल्या स्त्रियांत स्तनांच्या उत्तेजनाने प्रसूती सुरू होण्यास मदत होते, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणात दिसले आहे. परंतु हा परिणाम दिवस भरल्यानंतरचा आहे. गरोदरपणात पाजताना काही स्त्रियांना सौम्य आकुंचने जाणवतात व पाजणे थांबल्यावर ती विरतात. ती थांबत नसतील, नियमित होत असतील किंवा रक्तस्राव दिसत असेल, तर मात्र पाजणे थांबवून तातडीने रुग्णालय गाठावे.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावरील अभ्यास फार नाहीत आणि जे आहेत ते बहुधा लहान आहेत. ग्वाटेमालाच्या ग्रामीण भागातील सुमारे ५०० गर्भारपणांचे विश्लेषण १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी जवळपास निम्म्यांत स्तनपान व गर्भारपण एकमेकांवर आलेले होते. अशा मातांच्या बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय घट आढळली नाही. मात्र मातांच्या अंगावरील चरबीचा साठा कमी झालेला होता, आणि पूरक आहार उपलब्ध होता तेथे त्यांनी तो अधिक घेतला होता. गर्भ तगला तो आईच्या शरीरातून उचल करून, असा याचा अर्थ होतो.

इराणमध्ये २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत गरोदरपणात पाजणाऱ्या ८० व न पाजणाऱ्या २४० स्त्रिया होत्या. मुदतपूर्व प्रसूती व जन्मवजन यांबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. उपलब्ध अभ्यासांचे २०१७ मधील परीक्षणही निरोगी, पुरेसा आहार मिळणाऱ्या स्त्रीबाबत याच दिशेने जाते.

परंतु चित्र सर्वस्वी निर्धोक नाही. पेरूची राजधानी लिमा येथील २००२ च्या अभ्यासात गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतही थोरल्याला पाजणाऱ्या मातांच्या तान्ह्यांचे वजन पहिल्या महिन्यात इतरांपेक्षा सरासरी सुमारे १२५ ग्रॅमने कमी वाढले. (गोठ्यातला अनुभव येथेही आठवतो. न आटवता धार काढत राहिलेल्या गाईचे पुढच्या वेताचे दूध कमी भरते, हे पशुपालक जाणतात.) अमेरिकेतील सर्वेक्षणाच्या आधारे २०१९ मध्ये झालेल्या विश्लेषणात, थोरले मूल पूर्णतः अंगावर असतानाच पुन्हा गरोदर राहिलेल्या स्त्रियांत गर्भपाताची शक्यता सुमारे ३५ टक्के आढळली, मुळीच न पाजणाऱ्यांत ती सुमारे १४ टक्के होती. वरचे अन्न सुरू झालेल्या मुलांच्या मातांत मात्र ती न पाजणाऱ्यांइतकीच होती. पूर्णतः अंगावर म्हणजे मूल फार लहान आणि दोन गर्भारपणांतील अंतर फारच थोडे. तेव्हा हा परिणाम स्तनपानाचा की अंतराचा, हे वेगळे करणे अवघड आहे. तरीही अशा आईस ‘काही होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणे योग्य नव्हे.

पूर्वी मुदतपूर्व प्रसूती वा वारंवार गर्भपात झालेले असणे, गर्भाशयमुख दुबळे असणे, चालू गर्भारपणात रक्तस्राव होणे, पोटात जुळे असणे किंवा आईचे वजन न वाढणे, अशा परिस्थितीत डॉक्टर दूध तोडण्याचा सल्ला देतात. अशा स्त्रियांवर झालेले अभ्यास जवळपास नाहीत. त्यामुळे येथे सावधगिरीच श्रेयस्कर. इतर स्त्रियांना सरसकट तोच सल्ला देण्यास मात्र आधार नाही.

आईचे ताट

वरील अभ्यासांतून एक धागा सतत दिसतो : कमी पडलेच तर ते प्रथम आईला पडते. भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषद व राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशींनुसार बैठे काम करणाऱ्या स्त्रीस दिवसाला १,६६० किलोकॅलरी लागतात. गर्भारपणात त्यात ३५० ची भर सांगितली आहे. स्तनपानाच्या पहिल्या सहा महिन्यांत ६०० ची व पुढील सहा महिन्यांत ५२० ची. गरोदर आणि त्याच वेळी पाजणाऱ्या स्त्रीसाठी या तक्त्यात वेगळी ओळ नाही. तिचा हिशेब स्वतंत्रपणे मांडावा लागतो.

सव्वा वर्षाचे मूल ३४६ किलोकॅलरींचे दूध घेत असेल, तर ते तयार करण्यासाठी आईस त्याहून अधिक, साधारण ४३० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, कारण दूध बनताना काही ऊर्जा वाया जाते. त्यात गर्भासाठीच्या ३५० मिळवल्या तर भर ७८० होते. साठ ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे २०० किलोकॅलरी मिळतात हे धरले, तर ही भर चार भाकरींच्या जवळ जाते. प्रत्यक्षात ओझे इतके एकवटत नाही. पहिल्या तिमाहीत गर्भाची गरज थोडी असते आणि ती वाढू लागते तेव्हा दूध घटलेले असते. शरीर आपल्यापुरती तडजोड करते. पण चार नाही तरी दोन भाकरी, वाटीभर जास्त वरण किंवा उसळ, मूठभर शेंगदाणे, पालेभाजी आणि शक्य असल्यास दूध व अंडी एवढी भर तरी पडायला हवी. शेतावर खुरपणी-कापणीस जाणाऱ्या स्त्रीची मूळ गरजच १,६६० पेक्षा बरीच जास्त असते, हे वेगळे सांगावयास नको.

२०१९-२१ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. घरातील सर्वांत शेवटी जेवणाऱ्या व्यक्तीवर दोन मुलांचे पोषण टाकले जाते, अशी ही स्थिती आहे. ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमानुसार (२०१८) गरोदर स्त्रीने चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस व प्रसूतीनंतर १८० दिवस लोह-फॉलिक आम्लाची रोज एक गोळी घ्यावयाची असते. दोन बाळंतपणांतील अंतर कमी असलेल्या स्त्रीने या गोळ्या चुकवू नयेत.

शासकीय योजनांच्या रचनेतही एक फट आहे. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ अन्वये आहाराचा हक्क गर्भारपणात व प्रसूतीनंतर सहा महिने मिळतो. अंगणवाडीतून दिल्या जाणाऱ्या पूरक आहाराचे प्रमाण गरोदर व स्तनदा मातेसाठी दिवसाला ६०० किलोकॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिने असे ठरलेले आहे. महाराष्ट्रात आदिवासी भागांसाठी २०१५ पासून डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत एक वेळचे पूर्ण जेवणही दिले जाऊ लागले. परंतु सव्वा वर्षाच्या मुलाला पाजणारी स्त्री कायद्याच्या दृष्टीने स्तनदा राहिलेली नसते. पुन्हा गरोदर राहिल्यावर तिची नोंद ‘गरोदर’ एवढीच होते. ती दोन्ही आहे, हे कुठल्याच रकान्यात येत नाही. तिच्या थोरल्यास सहा महिने ते तीन वर्षे वयोगटातील घरपोच आहार स्वतंत्रपणे मिळतो, हा त्यातल्या त्यात दिलासा. मात्र तो आहार घरात सर्वांत वाटला गेला, तर दूध घटलेल्या मुलाच्या वाट्यास त्याची पूर्ण मात्रा येत नाही.

दोन लेकरे अंगावर

प्रसूती होऊन वार पडली की प्रोजेस्टेरॉन एकदम घटते आणि तीन-चार दिवसांत दूध नव्याने भरून येते. थोरला संपूर्ण गरोदरपण पीत राहिला असला तरी यात खंड पडत नाही. थोरला सगळा चीक संपवून टाकेल ही धास्ती अनेक घरांत असते. चीक साठवणीच्या भांड्यासारखा संपत नाही. शेवटच्या महिन्यांत तो तयार होत राहतो. तथापि पहिल्या काही दिवसांत त्याचे प्रमाण थोडेच असते आणि त्यावर तान्ह्याचा हक्क पहिला असतो. म्हणून आधी तान्ह्याला पोटभर पाजावे आणि मग थोरल्याला घ्यावे, हा क्रम किमान पहिले काही आठवडे कटाक्षाने पाळावा. थोरल्याला या काळात शौचास पातळ होऊ शकते. चिकाच्या सारक गुणामुळे तसे होते आणि ते आपोआप थांबते.

दोघांना पुरेल इतके दूध येते काय, याचे उत्तर जुळ्यांच्या माता देतात. जितके ओढले जाते तितके दूध तयार होते. फरक असा, की जुळ्यांची ओढण्याची ताकद सारखी असते. येथे एक बाजू दोन वर्षांच्या दणकट मुलाची आहे. त्यामुळे तान्ह्याच्या वजनावर लक्ष ठेवणे अपरिहार्य ठरते. दोन आठवड्यांच्या आत बाळ जन्माच्या वजनावर परत येणे आणि पहिल्या आठवड्यानंतर दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी होणे, या दोन खुणा घरी व अंगणवाडीत सहज पाहता येतात. त्या नसतील तर थोरल्याचे पाजणे कमी करावे. एक स्तन एकाला आणि दुसरा दुसऱ्याला अशी वाटणी करण्याची गरज नाही. स्तनाग्रे दुखणे ही मात्र नेहमीची तक्रार असते, आणि गरोदरपणात ती अधिकच असते. रात्री दोघे एकदम जागे झाले तर घरातील दुसऱ्या कोणी तरी थोरल्याला घ्यावे लागते. हे ‘दुसरे कोणी’ नसेल, तर जोड-स्तनपान हे आईवरचे ओझे होते आणि ते न करण्याचा निर्णयही तितकाच योग्य ठरतो.

तोडायचे झाल्यास

वैद्यकीय कारणाने, थकव्यामुळे किंवा केवळ आईची इच्छा नाही म्हणून थोरल्याला तोडायचे ठरले, तर प्रश्न वेळेचा आणि वेगाचा राहतो. सर्वांत वाईट वेळ म्हणजे धाकट्याच्या जन्माचा आठवडा. त्या आठवड्यात आई घरातून जाते, नवे बाळ घेऊन परत येते, आणि त्याच दिवशी स्तन कडू झालेला असतो. गोल्ड कोस्टमधील माता ज्याला आजाराचे नाव देत, ते पदच्युत होणे घडते ते असे. जन्माच्या दोन-तीन महिने आधी, दर आठवड्याला दिवसातील एक पाजणे कमी करीत गेले तर मुलाला अन्नाची सवय होण्यास वेळ मिळतो. दुपारचे पाजणे आधी बंद करावे, झोपतानाचे सर्वांत शेवटी. मूल आजारी असताना, जुलाब चालू असताना किंवा पावसाळ्यातील साथींच्या दिवसांत तोडू नये.

तोडलेल्या प्रत्येक पाजण्याच्या जागी मुलाला घट्ट काहीतरी द्यावे : तूप वा तेल घातलेला वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिचडी, अंडे, केळे, शेंगदाण्याचा कूट घातलेली भाजी. पेज व चहा-बिस्कीट यांनी पोट भरते, तूट भरत नाही. दूध सुटल्यानंतरचे सहा महिने मुलाचे वजन दरमहा करून वाढीच्या तक्त्यावर नोंदवावे. सलग दोन महिने रेषा आडवी राहिली तर धाकट्याच्या लसीकरणाची वाट न पाहता थोरल्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.